पडद्यावरची राणी बक्षीस घेत नाही

माझ्या बाबांना मिशी नव्हती. आमच्या भागात चांगल्या चाळिशीच्या माणसाला मिशी नसली की दोनच अर्थ निघायचे. एक तर घरात नुकतंच कोणी गेलेलं असायचं, नाही तर तो माणूस दंडारीत बाई होत असायचा. आमचे बाबा दंडारीतले. मारेगाव आणि पांढरकवड्याच्या मधे, डांबरी रस्त्यापासून बरंच आत आमचं गाव. दिवाळी झाली की गावची दंडार उभी राहायची आणि तिच्यात बाबा राणी व्हायचे. मला समजायला लागल्यापासून राणी तेच.

दंडार म्हणजे काय, हे मला पुढे माझ्या स्वतःच्या मुलीला समजावून सांगावं लागलं तेव्हा डोकंच फिरलं माझं. पण तिची तरी काय चूक? तर दंडार म्हणजे ढोलकी-टाळावर गात-नाचत करायचं नाटक. तिकीट नाही, खुर्ची नाही, चौकात दोन बल्ब लटकवले की झालं. बायांची कामं माणसांनीच करायची. आमच्या दंडारीची गोष्ट एकच, दरवर्षी तीच. राणीवर खोटा आळ येतो, राजा तिला हाकलून देतो, ती कडेवर लेकरू घेऊन वणवण फिरते. एका शहराच्या वेशीवर शिपाई तिला अडवतो आणि म्हणतो, नाचून दाखव, मग भाकर देतो. आणि ती राणी, जन्मात कोणासमोर न नाचलेली, लेकराच्या भुकेसाठी त्या दळभद्र्या शिपायापुढे नाचते. शेवटी राजा येऊन तिचे पाय धरतो, ते सोडा. लोक यायचे ते त्या वेशीवरच्या नाचासाठी.

बाबा कमरेत लचकून नाचायचे आणि तोंडानं रडकं गाणं म्हणायचे. खाली कंबर हसते आहे, वर तोंड रडतं आहे. ते मला शब्दांत सांगता येत नाही. बाया पदर तोंडात कोंबून रडायच्या. मी स्वतः दरवर्षी रडायचे. घरी त्याच माणसानं सकाळी मला गणिताच्या पेपरवरून बदडलेलं असायचं, तरीही रडायचे.

या दंडारीचा एक कायदा होता. खेळ चालू असताना कोणीही उठून बक्षीस द्यायला यावं, आणि ज्याला दिलं त्यानं ते तिथल्या तिथं घ्यावं. मग तो मेलेला का असेना. एकदा प्रधान बाण लागून मरून पडला होता, तेवढ्यात त्याचा साळा रुपया घेऊन आला. प्रधान उठला, रुपया कपाळाला लावला, देणाऱ्याचं नाव गाण्यात गुंफलं आणि परत जाऊन मेला. कोणाला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. राणीची रीत आणखी मोठी. ती दोन्ही हातांनी पदर पसरायची, बक्षीस पदरात घ्यायची, कपाळाला लावायची आणि म्हणायची, "अमक्या घरच्या मायनं देल्लं, राणीनं घेतलं, पदरी बांधलं." आणि नाच पुढे चालू.

दिलेलं बक्षीस परत जाणं, यासारखा अपमान नव्हता. एका वर्षी नाचाच्या भरात बाबांना एका म्हाताऱ्याचा पुढे केलेला हात दिसला नाही. तो बिचारा हात तसाच मागे घेऊन बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा नारळ घेऊन त्याच्या दारात माफी मागायला गेले. मला सोबत नेलं होतं. म्हातारा म्हणाला, "जाऊ दे गा." पण त्यानं नारळ फोडून घेईपर्यंत बाबा उठले नाहीत.

आणखी एक म्हातारी होती, ती या गोष्टीत शेवटपर्यंत लागणार आहे म्हणून आत्ताच सांगते. गावाच्या टोकाला एकटी राहायची, लोकांच्या वावरात कापूस वेचायची. वेशीवरचा नाच सुरू झाला की ती दरवर्षी उठायची, पदराची गाठ दातानं सोडायची आणि राणीला बक्षीस द्यायची. "घे माय राणे, लेकराले दूध पाज." ते लेकरू म्हणजे आमच्या घरचं चिंध्यांचं बाहुलं होतं, हे तिला माहीत होतं. ते शिवायला सुई-दोरा तिच्याच घरून आणलेला.

ते दिवस कापसाचे वाईट दिवस होते. त्यावर शहाण्या लोकांनी पोतंभर लिहून ठेवलं आहे, मी नाही लिहीत. मला आठवतं ते एवढंच की गावात गाड्या यायच्या, टपावर मोठी तबकडी लावलेल्या. त्यातून माइक घेऊन पोरं-पोरी उतरायच्या आणि आम्हाला सांगायच्या, "इकडे बघू नका, तिकडे बघा." त्यातल्या एका बाईनं माझ्या मायला चूल फुंकून दाखवायला लावली. माय म्हणाली, "आमच्या घरी गॅस आहे ना वो." ती म्हणाली, "मागे चूल असेलच ना?" होती, आंघोळीच्या पाण्याची. मायनं दुपारी त्या थंडगार चुलीत फुंकर मारली. संध्याकाळी माय टीव्हीवर दिसली, दोन-तीन सेकंद, आणि खाली लिहून आलं की या घरात आज चूल पेटली नाही. अर्ध्या तासात शेजारीण झाकून भाकरी घेऊन आली. माय लाजेनं अर्धमेली झाली, आणि आम्ही तिघं वरणभाताच्या ताटावर बसलेलो.

तेव्हापासून गावाला कळलं की कॅमेऱ्यापुढे रडायचं असतं. म्हणून पांढरकवड्याचे शूटिंगवाले भाई दंडारीची सीडी काढायची म्हणून आले तेव्हा बाबा किती खूश झाले! भाई लग्नांचं शूटिंग करायचे. आधी त्यांचे वडील रेडिओ दुरुस्त करायचे, मग यांनी कॅसेटा भरून दिल्या, आता कॉम्प्युटर घेतला होता आणि त्यावर मिक्सिंग करायचे. माणूस सज्जन, हे मी आजही म्हणते. त्यांचं म्हणणं असं की कापसाच्या या हालात बाहेरची गावं दंडार बोलवत नाहीत, तर सीडी काढू, जत्रेत विकू, जिथं तुम्ही जाऊ शकत नाही तिथं सीडी जाईल. बाबा मायला म्हणाले, "पह्यल्यांदा कोणी हसाले-गायाले बोलावून राह्यलं कॅमेऱ्यापुढं. नाई कायले म्हणू?"

पण भाई म्हणाले, "काकाजी, रात को कुछ नहीं आता. उजेड लागते. दिवसा करा."

बाप्पा! दिवसा राणी! वेचणीचे दिवस, सारं गाव वावरात. दुपारचं ऊन डोक्यावर आणि आमच्या खळ्यात बाबा हिरवं नऊवारी नेसून उभे. बल्बच्या उजेडात ज्या तोंडाकडे पाहून बाया रडायच्या, त्यावरची पिवळी पावडर उन्हात ओघळत होती. दाढी सकाळी केली होती तरी गालावर निळसर दिसत होती. बघायला मी, माय, आणि खुंट्याला बांधलेली बैलजोडी. भाईंनी आणखी एक सांगितलं, "मधात थांबू नका. बक्षीसबिक्षीस नको, कट बसत नाही." म्हणजे राणीनं कोणाकडे पाहायचंच नाही. बाबा नाचले. पण नाचताना दोनदा त्यांचा हात आपोआप पदराकडे गेला आणि समोर कोणी नाही म्हणून परत आला. मला हसू येत होतं आणि कसंतरीच होत होतं, दोन्ही एकदम.

सीडी आली तेव्हा आमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. आधी दंडारीतले सगळे आपापली तोंडं शोधत होते. बाबा टीव्हीच्या अगदी जवळ बसले आणि हळूच मायला म्हणाले, "माहा आवाज असा आहे?" वेशीवरचा नाच आला. मी रडायच्या तयारीत बसले होते. कोणीच रडलं नाही. एकानं खोकून घेतलं, दुसरा म्हणाला, "फारवर्ड कर ना गा, राजाची लढाई येऊ दे." आणि केलं की त्यांनी फारवर्ड! बाबा पडद्यावर तुरुतुरु पळायला लागले, कंबर खटाखट हलली, सगळे हसले. बाबाही हसले. वीस वर्षं गावानं हा नाच डोळे पुसत पाहिला होता आणि त्या दिवशी त्याच गावाला तो लांबला म्हणून कंटाळा आला. काय बदललं, हे मी तेव्हा पुष्कळ शोधलं. साडी तीच, गाणं तेच, बाबा तेच. मला काही सापडलं नाही.

त्यानंतर माझी सोयरीक जमली. मुलगा महागावचा. बसस्टँडजवळ त्याचं मोबाईलचं दुकान होतं. दुरुस्ती करायचा आणि मेमरी कार्डात गाणी, व्हिडिओ भरून द्यायचा. मुलगा मला आवडला होता, उगाच खोटं कशाला बोलू? पाहायला आला तेव्हा मायचा बंद पडलेला मोबाईल त्यानं चहा थंड व्हायच्या आत चालू करून दिला होता.

साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या दिवशी पाहुणे आले, पोहे झाले, ओटीचं सामान मांडलं. तेवढ्यात मुलाच्या मामानं बाबांना बाजूला बोलावलं. बाजूला म्हणजे कुठं, तर आमच्या मधल्या खोलीत, आणि मी दाराआड ताटल्या घेऊन उभी. मामानं खिशातून मोबाईल काढला आणि बाबांच्या हातात दिला.

त्यावर बाबा नाचत होते. वेशीवरचा नाच, पण त्यातला पाऊण मिनिटाचाच तुकडा. शिपाई नाही, लेकरू नाही, भाकर नाही. नुसती कंबर आणि उन्हात चकाकणारं पिवळं तोंड. आणि वर गाणं भलतंच, लग्नाच्या वरातीत वाजतं तसलं हिंदी धांगडधिंग्याचं. बाबांचे ओठ हलत होते, पण बाबांचा आवाज काढून टाकलेला होता. सीडीतून कोणी तरी तुकडा कापला, त्यावर गाणं चढवलं, आणि तो ब्लूटूथवरून या मोबाईलमधून त्या मोबाईलमध्ये असा कुठून कुठं फिरत महागावला पोचला होता.

बाबा म्हणाले, "पाहुणे, ही दंडार आहे. राणीचं काम आहे माहं."

मामा म्हणाले, "मले माहीत आहे ना. मी सोता पाह्यली तुमची दंडार, मारेगावच्या बाजाराच्या दिवशी. रडलोतो मी. नारळ ठेवला होता राणीपुढं."

"मंग?"

"मंग काय? तवा थे राणी होती. आता थे तुम्ही आहा."

मामाच पुढे म्हणाले, आणि वाईट बोलले असंही नाही, हात जोडूनच बोलले, "आमच्या घरात पोरगी येऊन राह्यली. उद्या कोणीबी मोबाईल काढून दाखवीन, हा पाह्य तुह्या सुनेचा बाप. तवा गावात होतं थे गावात ऱ्हायत होतं. आता साऱ्याइच्या खिशात आहे. तुम्ही हे बंद करा, बाकी आमचं काही नाई."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताटल्या आपटून बाहेर यावं आणि म्हणावं, उठा, नाही करायचं मला लग्न. खरंच वाटलं. मग वाटलं, मुलगा चांगला आहे. मग वाटलं, बाबांना काय वाटत असेल. आणि तेवढ्यात बाबांचा आवाज आला, शांत, "ठीक आहे. मी मिशी ठेवतो."

मुलगा बाहेर बसला होता. मी ओटी घ्यायला बाहेर आले तेव्हा तो आपल्या बुटांकडे पाहत होता.

लग्नापर्यंत बाबांना मिशी आली. काळी-पांढरी, जाड, ओठांवर आणून ठेवल्यासारखी. माझ्या लग्नाच्या सीडीत बाबा दिसतात आणि दरवेळी मला क्षणभर वाटतं, हा पाहुणा कोण?

महागावला दुकानाच्या मागेच आमचं घर. नवरा जेवायला आत आला की मी दुकानात बसायचे. गिऱ्हाईक यायचं, दहा रुपये ठेवायचं आणि म्हणायचं, कार्ड भरून द्या. काय भरू, तर काहीही भरा. ही 'काहीही'ची भानगड मला कधी कळली नाही. आमच्या गावात कोणी म्हटलं नसतं की दंडारीत काहीही दाखवा. एकदा असंच कोणाचं कार्ड भरताना कॉम्प्युटरवर 'कॉमेडी' नावाच्या कप्प्यात मला एक व्हिडिओ दिसला. बाबा!

मी घरात गेले. नवरा भाजीपोळी खात होता. म्हटलं, "हे काय ठेवलं तुम्ही दुकानात?"

त्याचा घास तोंडाशीच राहिला. मग म्हणाला, "लग्नाच्या आधीपासूनचं आहे थे. मले काय माहीत थे तुहे बाबा होते? साऱ्याइले आवडत होतं म्हणून भरून देत होतो."

"तुम्ही देत होते? तुम्ही सोता?"

"लोकं मागत होते ना वं!"

म्हणजे मामाच्या मोबाईलमध्ये ते ज्या दुकानातून गेलं, ते दुकान माझंच होतं. आठ दिवस मी नवऱ्याशी बोलले नाही. ताट वाढायचे ते आदळून. त्यानं माझ्यासमोर बसून ते पुसलं, कप्पा रिकामा करून दाखवला, कानाला हात लावले. महिना झाला नसेल, एका गिऱ्हाइकाच्या कार्डातून तेच परत कॉम्प्युटरवर आलं. त्यानं परत पुसलं. ते परत आलं. शेवटी त्यानं हात टेकले आणि मीही. रागावू तरी कोणावर? भाई सज्जन, मामा हात जोडून बोललेले, नवरा कानाला हात लावतो. वाईट कोणीच नाही, आणि बाबांच्या ओठांवर मिशी बसली ती बसलीच.

मग आमचा दिवाळसण आला. पहिली दिवाळी, जवाई सासरी येणार, मायनं चार दिवस आधीपासून अनारसे-चकल्यांचा धडाका लावलेला. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पाहिलं तर चौकात दोन बांबू रोवून पांढरी चादर ताणत होते. मी विचारलं, हे काय? माय म्हणाली, "दंडार आहे. सीडीवरची." राणी करायला दुसरं कोणी तयार नव्हतं. जो तो म्हणे, आम्हाला मोबाईलवर जायचं नाही. म्हणून मंडळींनी ठरवलं, भाईंना बोलवू, त्यांच्याकडे पडद्यावर मोठं दाखवायची मशीन आली आहे, निदान दिवाळीची रीत तरी चुकायला नको.

दिवे लागल्यावर लगेच सुरू झालं. गाव जमलं होतं. जवाई म्हणून माझ्या नवऱ्याला मागच्या बाजूला ओट्यावर गादी टाकलेली, त्याच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला बाबा. मला बसवेना. माझा बाप, ज्यानं माझ्यासाठी राणी सोडली, तो माझ्या नवऱ्याला मांडीला मांडी लावून चादरीवर नाचणारी आपलीच राणी पाहणार होता, आणि मधे मी. कोण कुठं हसेल याच्यावर माझे कान. बाबा मिशीवरून एक बोट फिरवत होते, पुन्हा पुन्हा. नवीन सवय.

वेशीवरचा नाच आला. चादरीवर बाबा दोन पुरुष उंच दिसत होते, दुपारच्या उन्हातले. पोट्टे आधीच खिदळायला लागले, त्यांना तो तुकडा पाठ होता. आणि तेवढ्यात ती म्हातारी उठली.

वेचणीनं तिची कंबर आता पार वाकली होती. चालत ती पार पुढे गेली, चादरीपाशी. दातानं गाठ सोडली, नोट काढली आणि हात पुढे केला. चादरीवरची राणी तिच्या डोक्यावरून नाचत होती, हिरव्या साडीचं चित्र म्हातारीच्या पाठीवर हलत होतं. "घे माय राणे," म्हातारी म्हणाली, "लेकराले दूध पाज."

राणी नाचत राहिली.

पोट्टे फुटलेच. म्हातारीनं हात आणखी वर केला, टाचा उंचावल्या. राणीनं तोंड फिरवलं, गिरकी घेतली. म्हातारी तशीच हात धरून उभी. मग ती आमच्याकडे, लोकांकडे वळली. भाईंच्या मशीनचा उजेड तिच्या डोळ्यांत गेला आणि तिनं आडवा हात धरला. "काहून घेऊन नाई राह्यली वं? माहं काही चुकलं का?"

हसू बंद झालं. तिला कळत नव्हतं असं मी नाही म्हणणार. तिच्या शेजारच्या घरी टीव्ही होता, रोज बघायची. पण दंडार म्हटली की बक्षीस, आणि बक्षीस म्हटलं की घेणं आलं, यापलीकडे तिच्या डोक्यात काही बसत नसावं. भाईंनी घाईघाईनं बटण दाबलं आणि चादरीवरची राणी एक हात वर करून जागच्या जागी थांबली.

बाबा उठले. मायनं खालून त्यांचं धोतर धरलं, "अवो, जवाई आहे ना इथं." त्यांनी धोतर सोडवून घेतलं. ओट्यावरून उतरताना ते माझे बाबा होते, पण गर्दीतून जाता जाता त्यांची चाल बदलली. पाऊल लहान झालं, मान खाली गेली. चादरीपुढे पोचेपर्यंत खांद्यावरचा दुपट्टा त्यांनी डोक्यावर घेतला होता. म्हातारीपुढे दोन्ही हातांनी त्यांनी त्याचा पदर पसरला. नोट पदरात पडली. ती कपाळाला लावून, राणीच्या त्या बारीक आवाजात, जो मी त्यांनी मिशी ठेवल्यापासून समोरासमोर ऐकला नव्हता, बाबा म्हणाले, "टोकावरच्या घरच्या मायनं देल्लं, राणीनं घेतलं, पदरी बांधलं."

म्हातारीनं डोळे बारीक करून त्यांच्याकडे पाहिलं. "अवं माय! राणीले मिशा फुटल्या!"

सगळा चौक हसला. पण ते हसणं वेगळं होतं, त्यात बाबाही होते. ढोलकीवाला कुठून तरी ढोलकी घेऊन आलाच. माणसं उठायला लागली. कोणी नाणं दिलं, कोणी नोट, एकीनं चकली दिली, बाबांनी तीही कपाळाला लावली. मी रडत होते. दरवर्षीसारखी, मुकाट्यानं, घळाघळा.

आणि मग सगळ्यांचं देऊन झाल्यावर बाबा पदर पसरलेला तसाच धरून आमच्या ओट्याकडे वळले. जवायाकडे. नुसते उभे राहिले, मान थोडी वाकडी करून.

माझ्या नवऱ्याचा हात पँटच्या खिशाकडे गेला.

त्या खिशात त्याचा मोबाईल असायचा. माझ्या डोळ्यांपुढे लख्ख उभं राहिलं सगळं. मिशीवाली राणी, डोक्यावर दुपट्टा, पाऊण मिनिट, वर वरातीचं गाणं. मी झडप घालून त्याचं मनगट धरलं. जोरात. माझ्या दोन बांगड्या फुटल्या. तो म्हणाला, "अवं सोड ना, काय करून राह्यली?" मी नाही सोडलं. त्यानं हात ओढला, मी आणखी घट्ट धरला. बाबा पाहत होते. थोडा वेळ पाहिलं, मग त्यांनी पदर मिटला, दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला आणि आपल्या नेहमीच्या चालीनं येऊन शेजारी बसले. भाईंनी सीडी पुढे सुरू केली.

घरी जाताना नवरा म्हणाला, "नोट काढून राह्यलो होतो मी." मी म्हटलं, "हो, काढत होते तुम्ही नोट!" दुसऱ्या दिवशी सकाळी धुणं धुताना मी त्याच्या पँटचा तो खिसा उलटा केला. मोबाईल होता. आणि त्याला चिकटून, चार घड्या घातलेली दहाची नोट होती.

आता या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. बाबांनी मिशी काढली नाही, राणी परत केली नाही. त्या संध्याकाळबद्दल ते माझ्याशी कधी एक अक्षर बोलले नाहीत. तो तुकडा अजून फिरतो. मध्यंतरी मुलीच्या मोबाईलवर आला आणि ती हसत हसत मला दाखवायला आली, "आई, ही बाई कोण आहे बघ." मी तिला अख्खी दंडार सांगितली, शिपाई, लेकरू, भाकर, बक्षिसाची रीत, सगळं. तिनं विचारलं, "मग पप्पांनी बक्षीस दिलं होतं का आजोबांना?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो जेवत होता, मान वर केली नाही. नोटच काढत होतो, हे तो नेहमी सांगतो, एकदाही फिरलेला नाही. मला खरंच माहीत नाही त्या दिवशी त्याचा हात कशाला गेला होता. पण तो नोटेलाच गेला असेल, तर माझ्या बापाच्या शेवटच्या दंडारीत राणीचं शेवटचं बक्षीस परत गेलं, आणि ते मी पाठवलं. बाबांच्या दारात नारळ घेऊन जायला मला कोणी सांगितलं नाही, आणि मीही गेले नाही.